जित्या मॅनेजरचं पिठलं

आमच्या ह्यांना मिलच्या फुटबॉल टीमच्या मॅनेजरकीवरून काढलं, तेव्हा खरं सांगते, मला आनंदच झाला. साचेखात्यातली जॉबरची, म्हणजे मागांवरच्या मुकादमाची, नोकरी शाबूत होती. गेलं ते संध्याकाळचं खूळ. आता माणूस दिवेलागणीला घरी येईल, एवढंच मी पाहिलं. माणूस आला, पण भिंतीला पाठ लावून बसला तो बसलाच. ताट पुढं केलं की "भूक न्हाय" म्हणायचे. चार घाससुद्धा जाईनात, तेव्हा मात्र माझा जीव थाऱ्यावर राहीना.

मिलच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी माणसं येऊ लागली. सगळी टीमच्या मागं वेडी झालेली. चेहरे पाडून, खालच्या आवाजात बोलत ओट्यावर टेकली. मंद्रूपकडचे वाणी तर टोपली घेऊन आले. फडकं काढलं तर आत पिठलं-भाकरी! मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी नेतात, ती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माणूस जिता हाय की हितं!"

"अय्यो वैनी, मॅनेजरकी गेली, मग ऱ्हायलं काय?" वाणी डोळे टिपत म्हणाले.

मग वाद पेटला. शेवटची मॅच जिंकून, कप आणूनही काढलं का? वाणी म्हणाले, "पाव्हण्यांम्होरं पोरं अनवाणी खेळली. मिलच्या सायबाला लाज वाटली."

"छ्या! कपाला सायबाच्या आदी ह्यांनी हात लावला, मी बगितलंय," शेजारचे म्हातारे विणकर म्हणाले. वाणी काही ऐकेनात, तसे ते आणखी चिडले. "मंग ऱ्हाऊ द्या! ह्यांना खेळातलं कळत न्हाय, म्हनून काढलं!"

"कुणाला कळत न्हाय?"

ह्यांची पाठ भिंतीपासून सुटली. कांद्याची पाटी ओढून त्यांनी ओटाभर कांदे मांडले. "ह्यो गोलकीपर. हे मागचे दोघं. आन् मदी ह्यो," म्हणत सगळ्यांत थोराड कांदा ठेवला, "सायबाचा भाचा. बॉल आला तरी हुबाच! तुमाला सांगितलं, त्याला ताप आलाय. कसला ताप? मीच भाईर बसवला, म्हनून जिंकलो. आन् सायबानं मला भाईर बसवलं."

मग "लई बेस केलं!" म्हणून एकच गलका झाला. लगेच नवा वाद: मामाच्या समाधानापुरतं तरी खेळवायला हवं होतं का? ह्यांचा आवाज सगळ्यांच्या वर. किती दिवसांनी तो ऐकत होते! मला रडू येईल की काय, असं वाटलं.

मी पुढं झाले, तो थोराड कांदा उचलला, फरशीवर ठेवला आणि एका बुक्कीत फोडला. वाण्यांच्याच पिठलं-भाकरीशेजारी ताटात वाढला.

"भाचा फुटला. आता जेवा."

हसता हसता ह्यांना ठसका लागला. टोपलीतल्या भाकऱ्या एकामागून एक गेल्या. भाचा संपला, तसा त्यांनी हात लांब करून गोलकीपरही उचलला.