काऊ दाखव

धाकट्याचं बोरन्हाण करायचं सासूबाईंनी परस्पर ठरवलं, तेव्हाच माझं डोकं फिरलं. सव्वा वर्षाच्या पोराला काळं झबलं घालायचं, हलव्याचे दागिने चढवायचे, पाटावर बसवून डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतायचे आणि बाकीच्या पोरांनी ते लुटायचे. एरवी मला हौस आहे अशा गोष्टींची. पण आमच्या मुलुंडच्या चाळीतल्या बायका त्या दिवशी तिळगूळ खायला येणार नव्हत्या. हाही बहिणीसारखाच निघालाय का, ते बघायला येणार होत्या.

थोरली तेव्हा साडेचार वर्षांची. बोलत नव्हती. हाक मारली तर मान वळवायची नाही, पण शेजारी कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात दाबून किंचाळायची. स्टीलची वाटी लादीवर गरगर फिरवत बसली की जेवणखाण विसरायची. आज या सगळ्याला एक नाव आहे. ऐंशीच्या दशकात आमच्या वाट्याला आलेली नावं म्हणजे मंद, वेडी, आणि 'आईचं लक्ष नाही'. हे शेवटचं घाटकोपरच्या एका डॉक्टरांनी दिलेलं. मुलीकडे धड न बघता त्यांनी मला विचारलं, "नोकरी करता?" मी टेलिफोन ऑपरेटर, दिवसभर परक्या माणसांना हॅलो म्हणायची. "मग बरोबर," म्हणाले, आणि टॉनिक लिहून दिलं. त्या माणसाचा मला अजून राग येतो.

धाकटा झाल्यावर मी एक दिवस सुखाने काढला नाही. पाठीमागून हाक मारून बघायचे. मुद्दाम हातातला डाव पाडायचे. तो वळायचा, हसायचाही, तरी माझं समाधान होईना. कारण थोरलीनं कधी बोट करून काही दाखवलं नव्हतं. काही हवं असलं की माझं मनगट धरून ओढायची, जणू माझा हात म्हणजे स्वयंपाकघरातली सांडशी. म्हणून मी धाकट्याला घेऊन रोज खिडकीत उभी राहायचे. "काऊ कुठेय? काऊ दाखव." कावळा समोरच्या पत्र्यावर बसून बोंबलायचा आणि पोरगा माझं मंगळसूत्र चघळत बसायचा.

"कसली परीक्षा घेतेस त्याची रोज?" नवरा म्हणायचा. "होईल गं सगळं."

'होईल सगळं' हे त्याचं ठरलेलं औषध. थोरलीलाही त्यानं तेच पाजलं होतं.

बोरन्हाणाच्या संध्याकाळी सासूबाईंनी हुकूम सोडला. "त्या चेडवाक आज भायर काढू नको. तेका बघून ह्यो पण तसोच होतलो."

"आई, ती बहीण आहे त्याची. चाळीतली सगळी पोरं बोरं वेचणार आणि ती नाही?"

"वहिनी, लोकं येतायत ना," नणंद मध्ये पडली. "किंचाळली तर वाट लागेल सगळ्याची. राहू दे की जरा वेळ आत."

मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं हलव्याच्या मुकुटाकडे बघितलं. नणंदेनं थोरलीच्या हातात वाटी दिली, तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि बाहेरून कडी घातली. मी भांडायला तोंड उघडलं, तोवर बायका दारात चपला काढत होत्या.

आल्या आल्या चौकशी सुरू. "बोलतो का गं काही?" "नजर देतो ना?" एकीनं तर त्याच्या नाकासमोर चुटक्या वाजवल्या, भाजीवाल्याकडे नारळ वाजवून बघतात तशा. मी तिचा हात बाजूला केला. तिला लागला असेल तर बरंच झालं.

बोरं-चुरमुरे डोक्यावर पडले तसा धाकटा दचकला. पोरांची झुंबड उडाली, बायका टाळ्या पिटायला लागल्या. तेवढ्यात आत लादीवर वाटी फिरल्याचा आवाज आला. त्यानं मान वळवली. पाटाभोवती एवढा खाऊ सांडलेला, त्याच्याकडे ढुंकूनही न बघता त्यानं हात उचलला आणि बंद दाराकडे बोट केलं. मग माझ्याकडे बघितलं, पुन्हा दाराकडे. "ता," म्हणाला. ताईचा ता.

"बोट दाखवलं गं!" नणंद ओरडली. "शहाणा आहे हा!"

सासूबाईंनी त्याच्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. नवऱ्याचे डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू, मलाही रडू फुटलं. ज्या बोटासाठी माझा जीव टांगणीला लागला होता, ते माझ्यासमोर होतं. आणि तिथल्या एकेकाच्या कानाखाली जाळ काढावा, असंही मला त्याच वेळी वाटत होतं. सगळे त्याच्या बोटाकडे बघत होते. ते कुठे दाखवतंय, तिकडे कोणी बघत नव्हतं.

"ता," तो पुन्हा म्हणाला, या वेळी जोरात.

मी उठले आणि दाराची कडी काढली.