बायनाबाईचा आवाज नव्या डिस्कवर

सिरसाळ्याच्या पेठेत रुद्रप्पांचं किराणा दुकान होतं आणि त्याच दुकानाच्या पुढच्या खणात त्यांच्या मुलाचा, अमरनाथचा कॉम्प्युटर. गावात आलेला तो पहिलाच. लग्नपत्रिका, अर्ज, शाळेच्या प्रश्नपत्रिका, सगळं तिथं टाईप व्हायचं. पण अमरनाथचा जीव रमायचा दुसऱ्याच कामात. रिकाम्या दुपारी तो गावातल्या बायनाबाईला बोलावून माईक तिच्या पुढ्यात धरायचा आणि म्हातारी जात्यावरच्या ओव्या म्हणायची; त्या तो कॉम्प्युटरात भरून ठेवायचा. ऐकताना वाटायचं, आत्ता पीठ पडायला लागेल.

दिवाळीनंतर बायनाबाईच्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, हात सावरला, वाचा मात्र गेली ती गेलीच. तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी ती काठी टेकत यायची, पोत्यावर बसायची आणि अमरनाथ तिचाच आवाज तिला ऐकवायचा. ओवी सुरू झाली की तिचे ओठ हलायचे. घरी ती खुणांनी बोलायची. बोलणारी बायनाबाई आता त्या डब्यात तेवढी उरली होती.

माघात तो डबा आतून टकटक करायला लागला.

ज्याच्या हाताखाली अमरनाथ बीडला शिकला होता, त्या त्रिंबकनं सांगून ठेवलं होतं की हार्ड डिस्क टकटकली की तिचे दिवस भरले. अमरनाथ पहिल्या एसटीनं बीडला गेला आणि नवी डिस्क मांडीवर धरून परत आला. त्रिंबकनं निघताना पुन्हा समजावलं. दोन डिस्का वायरीच्या एका पट्ट्याला जोडायच्या तर एक मालक आणि एक गडी ठरवून द्यावा लागतो. डिस्कच्या पाठीशी बारीक सुया असतात, त्यांच्यावर ज्वारीच्या दाण्याएवढी काळी टोपी बसते. टोपी कुठं बसलीय त्यावरून मशीन मालक ओळखतं.

जुन्या डिस्कवर विभूतीच्या तीन रेघा होत्या. मशीन आलं त्या दिवशी रुद्रप्पांनी झाकण काढायला लावून स्वतः ओढलेल्या. तिला गडी करायला अमरनाथचं मन धजेना. तिला त्यानं मालकाच्या जागी राहू दिलं आणि नवीला गडी केलं. मग जुनीतलं सगळं नवीत ओतायला लावून तो समोर बसला. टकटक वाढत गेली. त्यानं पाण्याचा तांब्यासुद्धा उचलला नाही. नक्कल एकदाची पुरी झाली, तेव्हा त्यानं जुनी काढली, धुतल्या फडक्यात गुंडाळली आणि बटण दाबलं.

पडदा काळाच राहिला. सुरू करायला डिस्कच सापडत नाही, एवढंच इंग्रजीत उमटलं. त्यानं पट्टा काढून पुन्हा बसवला, तरी तेच. घाबरून जुनी परत जोडली, तर ती दोनदा खरखरली आणि कायमची गप्प झाली.

दुसरा दिवस बाजाराचा. बायनाबाई आली आणि पोत्यावर बसली. शेजारच्या हॉटेलातला तानाजी चहा ठेवता ठेवता म्हणाला, "काय बे अमर, म्हातारीला गिळून बसलं का तुझं मशीन?"

"जरा दम धर मावशी," अमरनाथ बायनाबाईला म्हणाला, "गरम व्हायलंय आजून." खोटं बोलताना त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. बायनाबाईनं मात्र नजर त्याच्यावरून काढली नाही.

दुपारी रुद्रप्पा जेवायला उठले. ते उठले की अमरनाथ कोपऱ्यातल्या स्टुलावर बसूनच दुकान सांभाळायचा. वडिलांच्या गादीवर तो कधी बसला नव्हता.

"आज तरी गादीवर बस," ते चपला घालताना म्हणाले. "तू कोपऱ्यात बसलास की गिऱ्हाईक माघारी जातंय. मालक न्हाई म्हणतंय."

अमरनाथ रिकाम्या गादीकडं बघत राहिला. मग त्यानं झपाट्यानं झाकण उघडलं. नवी डिस्क अजून गड्याच्याच जागी होती. मालकाला काढून त्यानं फडक्यात गुंडाळलं होतं, पण त्या जागी कुणाला बसवलंच नव्हतं.

तिला मालक करायला नखानं उपसताना टोपी निसटली आणि ज्वारीच्या उघड्या पोत्यात गेली. तो घाईघाईनं चाळायला लागला, पण दाणे नुसते इकडचे तिकडं होत होते. बायनाबाईनं काठीनं त्याला बाजूला सारलं. धान्य निवडण्यात हयात गेलेली तिची बोटं पोत्यात फिरली आणि तिनं टोपी त्याच्या तळहातावर ठेवली.

ती मालकाच्या जागी बसवून त्यानं बटण दाबलं. या खेपेला मशीननं डिस्क ओळखली, पण पुढं हलेना. डिस्कच्या कुठल्या भागातून सुरू व्हायचं ती खूण नकलेत आलीच नसावी. त्रिंबकनं दिलेली फ्लॉपी घालून त्यानं एकेक अक्षर दोनदा वाचत ती खूण केली, मशीन बंद केलं आणि पुन्हा बटण दाबलं.

मशीन सुरू होताना रोज दिसायचं ते निळं आभाळ पडद्यावर आलं. पण आभाळ आलं म्हणजे आवाज आला असं नव्हे. त्यानं पहिली ओवी उघडली. खरखर झाली, कुणीतरी खाकरलं, आणि स्पीकरमधून बायनाबाईनं विचारलं, "चालू झालं का रं, अमर?"

पोत्यावरच्या बायनाबाईनं हलकेच मान हलवली.