नवव्या दिवशी काढलेले टेकू

मेजर म्हणून माझं शेवटचं पोस्टिंग बेंगळुरूला आलं. घरच्यांना आनंद झाला. आमचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. मला विशेष काही वाटलं नाही. त्याआधी मी सीमेवर रस्ते आणि पूल बांधले होते. तिथे काम वाईट झालं तर आठवड्यात कळतं, कारण त्यावरून आपलीच गाडी जाते. शहरातल्या वाईट कामावर रंग मारता येतो.

काम येलहंकाच्या पलीकडे होतं. जवानांच्या कुटुंबांसाठी क्वार्टर्सचे चार ब्लॉक, प्रत्येकी तीन मजले. कंत्राटदार खासगी, देखरेख आमची. माझ्याकडे क्वालिटी कंट्रोल होतं, आणि माझ्या हाताखाली सुभेदार खोपडे. त्या साइटवरच त्यांचा जीव गेला. गेल्यानंतर माझी चूक त्यांच्या नावावर लिहिली जात होती. म्हणून हे जसं घडलं तसं सांगते.

क्वालिटी कंट्रोल म्हणजे शेवटी येऊन भिंतीवर टकटक करणं, असा बऱ्याच लोकांचा समज आहे. काम सुरू होण्याआधी एक योजना लिहावी लागते. कुठला माल कोण तपासणार, किती वेळा, तपासणीत नापास झाला तर काय करायचं. काही टप्प्यांवर काम थांबतं आणि सही झाल्याशिवाय पुढे जात नाही. स्लॅब ओतण्याआधी सळ्या मोजायच्या. ओतताना त्याच काँक्रीटचे वीतभर लांबी-रुंदीचे ठोकळे पाडायचे. त्यांना क्यूब म्हणतात. ते पाण्यात ठेवायचे आणि सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी मशीनमध्ये दाबून फोडायचे. किती दाबाला फुटले, यावरून स्लॅबची ताकद ठरते. ठरलेले दिवस भरेपर्यंत स्लॅबखालचे टेकू हलवायचे नाहीत. ही योजना मीच लिहिली होती. चांगली होती. आजही त्यातला शब्द बदलणार नाही.

खोपडे भोरकडचे. साडेपाच फूट, आवाज खणखणीत, अठरा वर्षं नोकरी. सैन्यात सुभेदाराला अधिकारीही 'साहेब' म्हणतात, तशी मी त्यांना खोपडे साहेब म्हणत असे. रोज 06:30 ला ते साइटवर असत. मिक्सरमध्ये पाणी जास्त गेलं की त्यांना घरंगळण्याच्या आवाजावरून कळे.

"ए, आमटी करतोस का रे? कोणाचं लग्न आहे?"

मजूर हसत, आणि पाणी कमी होई.

कंत्राटदाराचा साइट इंजिनिअर मंजुनाथ. तिशीचा, हुशार, कायम हसतमुख. मला कन्नड येतं म्हटल्यावर तो मला अक्का म्हणू लागला. मी अडवलं नाही. अडवायला हवं होतं.

ब्लॉक ए आणि बी व्यवस्थित गेले. ब्लॉक सीच्या दारापुढे गाड्या थांबण्यासाठी मोठा पोर्च होता. खांबांमधलं अंतर सहा मीटर. एवढ्या अंतराला योजनेप्रमाणे टेकू किमान चौदा दिवस. पोर्चचा स्लॅब एका मंगळवारी ओतला गेला.

त्या मंगळवारी खोपडे तिथे नव्हते. मीही नव्हते. पुढच्या आठवड्यात गुरुवारी वरिष्ठांची पाहणी ठरली होती, आणि आमच्याकडे पाहणी म्हणजे काय ते सैन्यात राहिलेल्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. रस्त्याच्या कडेला विटा तिरप्या पुरतात. एक वीट गेरूची, एक चुन्याची. झाडांची खोडं कमरेपर्यंत रंगवतात. कुंड्या भाड्याने येतात आणि दुसऱ्या दिवशी परत जातात. पाहुणे कुठे उभे राहणार, चहा कुठे घेणार, रुमालाचा ट्रे कोणाच्या हातात, याची दोनदा रिहर्सल होते. मंगळवारी 10:00 ते 13:30 मी मांडवाच्या जागेवरच्या बैठकीत होते. खोपड्यांना मीच दोरी घेऊन मांडवाची आखणी करायला पाठवलं होतं. अठरा वर्षं काँक्रीट ओळखणारा माणूस खुर्च्यांच्या रांगा सरळ करत होता.

संध्याकाळी मंजुनाथ क्यूबचं कार्ड घेऊन आला. त्यावर एक रकाना असतो: 'क्यूब माझ्या उपस्थितीत पाडले.' मी सही केली. साडेतीन तास मी मांडवाची जागा ठरवत होते आणि सही 'उपस्थितीत' म्हणून केली.

सात दिवसांनी क्यूब फुटले. ताकदीचा आकडा आला चोवीस. आमच्या प्रतीच्या काँक्रीटला सातव्या दिवशी सोळा-सतरा पुरतात. मी खूश झाले.

बुधवारी दुपारी, म्हणजे पाहणीच्या आदल्या दिवशी, आमचे कर्नल साइटवर आले. त्यांना सगळं आवडलं, पोर्च सोडून. टेकूंचं जंगल दिसतंय म्हणाले. पाहुण्यांची गाडी तिथेच थांबणार होती.

"मेजर, रिझल्ट काय आहे?"

"चोवीस, सर."

"मग हे अजून का उभं आहे?"

त्यांनी हुकूम दिला नाही. प्रश्न विचारला आणि निघून गेले. हुकूम मी दिला, रेडिओवर.

"बेस टू साइट वन. पोर्चचे टेकू काढून घ्या. ओव्हर."

"साइट वन. मॅडम, आज नववा दिवस. चौदा लागतात. ओव्हर."

"रिझल्ट चोवीस आहे. ओव्हर."

"तेच खटकतंय, मॅडम. सात दिवसांत बी ब्लॉक कधी सतराच्या वर गेला नाही. वाळू तीच, सिमेंट तेच. पाच दिवस थांबू. ओव्हर."

"उद्या पाहणी आहे, साहेब. काढा. ओव्हर."

हुकूम पाळतो, हे सांगायला रेडिओवर एकच शब्द असतो.

"विल्को. आऊट."

16:00 ते 18:00 टेकू निघाले. पोर्च छान, मोकळा दिसू लागला. मी फोटोही काढला.

गुरुवारी 08:45 ला रेडिओ वाजला.

"साइट वन टू बेस. पोर्चचा स्लॅब मधे बसलाय. दोरी ताणून बघितलं. दोन बोटं. ओव्हर."

"चीर आहे? ओव्हर."

"खालून, मधोमध. ताजी आहे. ओव्हर."

"सगळ्यांना लांब करा. कोणीही खाली जाणार नाही. मी येतेय. ओव्हर."

"चुना लावणाऱ्या दोन बाया खाली आहेत. मिक्सरच्या आवाजात ऐकू जात नाही त्यांना. आणतो. आऊट."

मी धावत निघाले. अंतर दोनशे मीटर असेल. रायचूरकडच्या त्या दोघी पोर्चखालच्या विटांना चुना लावत बसल्या होत्या. दहाच्या आत संपवा, असं त्यांना बजावलेलं होतं. खोपड्यांनी पहिलीला दंडाला धरून बाहेर ढकललं. दुसरी बादली घ्यायला मागे वळली. ते पुन्हा आत गेले. तिला त्यांनी पाठीत दोन्ही हात लावून लोटलं, आणि स्लॅब खाली आला. ती बाहेर पडली, तिचा एक पाय घोट्यापासून आत राहिला. खोपडे पूर्ण आत राहिले. 08:48.

जॅक लावून स्लॅब उचलायला त्रेचाळीस मिनिटं लागली. मी मोजली, कारण दुसरं काही माझ्या हातात नव्हतं. रुग्णालयात डॉक्टरांनी 10:20 ला सांगितलं.

मधे 09:10 ला मला पाहणीच्या ऑफिसातून फोन आला. पलीकडच्या अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न होता, "रस्ता मोकळा आहे का? गाड्या वळवाव्या लागतील का?" मी म्हटलं, वळवा.

तिसऱ्या दिवशी पडलेल्या स्लॅबमधून ड्रिलने नमुने काढले. त्यांची ताकद अकरा. पोरांना खेळायला द्यावं असलं काँक्रीट. अठ्ठाविसाव्या दिवसासाठी ठेवलेले क्यूब अजून हौदात होते. मी त्यातला एक हातोड्याने फोडला आणि स्लॅबच्या तुकड्याशेजारी ठेवला. एक गडद, घट्ट. दुसरा फिकट, बोटाने वाळू सुटत होती. त्याला मशीन कशाला लागतं? आधी बघितलं असतं तर माझ्या आईलाही कळलं असतं.

मंजुनाथला बोलावलं.

"हे क्यूब कुठल्या मालाचे?"

"पोर्चचेच, मॅडम."

"मंजुनाथ."

तो कन्नडमध्ये म्हणाला, "अक्का, एल्ला कडे हीगे." सगळीकडे असंच असतं. "क्यूबसाठी वेगळी दोन घमेली कालवतात. सिमेंट स्वल्प जास्त. लॅबला त्रास नको, आम्हाला नको, तुम्हालाही नको. सुभेदार उभे असले की जमत नाही. त्या दिवशी ते नव्हते."

"आणि कार्ड?"

"त्यावर तुमची सही आहे ना, अक्का."

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. पाहुण्यांसाठी वेगळा चहा टाकतात, तसं तो सांगत होता. तपासायला एक काँक्रीट आणि राहायला दुसरं. मला त्याची किळस आली. मग लक्षात आलं की आम्हीही तेच करत होतो. विटांना चुना लावून.

चौकशी बसली. अहवालाच्या मसुद्यात एक ओळ होती: 'सुभेदारांनी मुदतीपूर्वी स्वतःच्या जबाबदारीवर टेकू काढवले.' कर्नलनी मला बोलावून तो वाचायला दिला.

"रेडिओवरचं बोलणं रेकॉर्ड होत नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे, सर."

"माणूस ड्यूटीवर गेला आहे. त्याच्या कुटुंबाला सगळं मिळेल. या ओळीने त्याचं काही बिघडत नाही. तुमचं मात्र बिघडेल. उद्यापर्यंत विचार करा."

मी विचार केला. हेही लिहायला हवं. एक दिवस आणि एक रात्र मी ती ओळ तशीच राहू दिली. दुसऱ्या दिवशी 09:30 ला जबाब दिला: क्यूब पाडताना मी हजर नव्हते, तरी सही केली. टेकू काढण्याचा हुकूम माझा. सुभेदारांनी थांबायला सुचवलं होतं. ओळ निघाली. त्या जागी माझं नाव आलं. ठपका आला, तो रास्त होता. पुढच्या वर्षी मी वर्दी उतरवली. कंत्राटदाराचं नाव काळ्या यादीत गेलं. काही महिन्यांत तो दुसऱ्या नावाने व्हाइटफील्डला अपार्टमेंट बांधत होता. मंजुनाथ तिथेच आहे. दिवाळीला त्याचा मेसेज येतो.

मला वाटलं, ओळ निघाली म्हणजे विषय संपला. कागदावर संपला होता. चार महिन्यांनी मी खोपड्यांच्या गावी गेले. वेशीवर त्यांचा मोठा फ्लेक्स होता. वर सहा पुढाऱ्यांचे फोटो, खाली कोपऱ्यात खोपडे. खोपडे वहिनींनी चहा दिला आणि समोर बसल्या.

"मॅडम, एक विचारू? त्यांच्या युनिटमधला एकजण सुट्टीवर आला होता. तो पारावर सांगत होता, टेकू ह्यांनीच काढायला लावले म्हणून. खरंय का?"

"खोटं आहे, वहिनी. हुकूम माझा होता. ते नको म्हणत होते."

"नको म्हणत होते?"

"हो. कारणही सांगितलं. मी ऐकलं नाही."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"मग तसं लिहून द्या. मी तोंडी किती जणांना सांगत फिरू? आणि बायकोचं कोण ऐकतं? पोरगी बारावीला आहे. तिला कोणी काही बोललं तर दाखवता येईल."

मुलीने वहीचा कागद आणून दिला. मी लिहिलं. दिवस, वेळ, रेडिओवर कोण काय म्हणालं. शेवटी 'देशासाठी शहीद झाले' असं लिहिलं. वहिनींनी एकेका ओळीखाली बोट फिरवत वाचलं आणि तिथे थांबल्या.

"हे खोडा. हे फ्लेक्सवर आहे. ते काय करत होते ते लिहा."

मी खोडलं. 'दोन मजूर स्त्रियांना स्लॅबखालून बाहेर काढताना गेले. दोघी जिवंत आहेत.' खाली सही केली.

त्यांनी पुन्हा वाचलं. मग कागद माझ्यापुढे सरकवला.

"ही सही कोणाला वाचता येणार, मॅडम? खाली नाव लिहा. पूर्ण."

मी सहीखाली हुद्दा आणि पूर्ण नाव लिहिलं, सुट्या अक्षरांत. वहिनींनी ते मोठ्याने वाचलं, मुलीकडून वाचून घेतलं, आणि मग कागदाची घडी घातली.