तीर्थाच्या दोन पळ्या

पडदा वर जातो तेव्हा मधोमध एक मोठं गोल टेबल दिसतं, भोवती खुर्च्या, आणि मागच्या भिंतीवर कुणा मुलानं रंगवलेला निळा हत्ती. सोलापुरातल्या एका बालरुग्णालयाचा दुसरा मजला, सकाळचे अकरा. पात्रं एकेक करून येतात. मेंदूचे डॉक्टर, छातीच्या डॉक्टरीणबाई, घास गिळायला शिकवणारी तरुण मुलगी. आणि अगदी कडेच्या खुर्चीत, टोपी मांडीवर ठेवून, कपाळभर विभूती लावलेले चनबसप्पा. या प्रवेशात त्यांच्या वाट्याला एकही वाक्य नव्हतं. सून चंद्रिका नातीला घेऊन आली होती, तिच्या सोबतीला म्हणून ते आले होते, इतकंच.

नव्या पेठेत मात्र हा माणूस कायम मुख्य भूमिकेत. अस्तर आणि ब्लाउजपीसचं दुकान, पंचेचाळीस वर्षांचं. त्यांनी मोजलेलं कापड गिऱ्हाईक घरी जाऊन पुन्हा मोजत नसे. मीटर संपला की चार बोटं पुढं सरकवून कात्री लावायचे आणि म्हणायचे, "ने बाई, अंगाला आलं पाहिजे की!" आवाज असा, की समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईकही वळून बघावं.

त्यांची नात सिद्धेश्वरी सहा वर्षांची. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला. मान डुगडुगते, पाय ताठ राहतात, घास गिळताना घसा चुकतो. पाच वर्षं चंद्रिका एका खांद्यावर फायलींची पिशवी आणि कडेवर लेक घेऊन चार दवाखान्यांचे उंबरे झिजवत होती. एकानं दिलेलं औषध दुसऱ्याला ठाऊक नसायचं. गेल्या वर्षी इथं वैजयंतीताई भेटल्या. त्यांचं कामच ते. महिन्यातून एकदा सगळ्या डॉक्टरांना एका टेबलाशी आणायचं, घरच्यांना त्यांच्या बरोबरीनं बसवायचं, आणि मुलीची एकच वही ठेवायची, जी सगळे वाचतील.

आज त्या वहीत वाईट पान निघालं होतं. वर्षात तिसऱ्यांदा न्यूमोनिया.

"पातळ काहीतरी फुप्फुसात उतरतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "असंच चालू राहिलं तर पोटातून नळी बसवावी लागेल. तोंडानं खाणं बंद."

चंद्रिकेनं लेकीचं तोंड पदरानं पुसलं. सिद्धी भरडीची खीर बघून सगळ्या अंगानं हसायची. तिच्या दिवसातला तेवढाच सण.

"ठरवण्याआधी तिचा दिवस एकदा ऐकू या," वैजयंतीताई म्हणाल्या. "उठल्यापासून सांगा, चंद्रिका."

चंद्रिकेनं सांगितलं. आंघोळ, मग उशीला टेकवून बसवणं, मान हातात धरणं, चमच्या-चमच्यानं खीर. पाणीसुद्धा पावडर घालून दाट केलेलं. "पाऊण तास लागतो एका वाटीला. तरी माझंच कुठंतरी चुकत असंल. मामा म्हणतात, माझ्या हाताला घाई हाय."

मामा म्हणजे सासरे. म्हणजे चनबसप्पा. वाक्यात टोमणा असता तर त्यांनी तो झेलला असता. टोमणा नव्हता. सुनेनं ते खरं मानलं होतं.

भाच्याच्या घरी बारशाला चाळीस माणसं जमली होती. थोरली बहीण ईरम्मा म्हणाली होती, "नात सारखी आजारी कशी रे?" आणि त्यांनी त्या दुकानातल्या आवाजात सांगितलं होतं, "सूनबाईच्या हाताला घाई हाय, दुसरं काय!" तेव्हापासून सगळं गोत तेच बोलत होतं.

आणि घरात, शुक्रवार पेठेत, रोज पहाटे काय होत होतं? चंद्रिका पाणी तापवायला गेली की चनबसप्पांची लिंगपूजा आटपायची. "बा कूसा, बा," ये बाळा ये, म्हणून ते नातीला मांडीवर घ्यायचे आणि तिच्या तोंडात तीर्थाची पळी घालायचे. आधी एक. ती हसली म्हणून दोन. देवाच्या कृपेनं पाय उभे राहतील, एवढीच आस. ती खोकायची, ते पाठ चोळायचे.

घास शिकवणाऱ्या मुलीनं घरी येऊन कागदावर घशाच्या दोन वाटा काढून दाखवल्या, तेव्हा दाराशी उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं होतं. तीर्थ म्हणजे काय साधं पाणी आहे, असं मनाला सांगितलं होतं. इथवर भोळेपणा म्हणू. पण दुसऱ्या न्यूमोनियानंतर त्यांनी गुपचूप पळी थांबवली. आठ दिवस सिद्धी खोकली नाही. नवव्या दिवशी तिनं "अज्जा" म्हणून तोंड उघडलं. तिला येणारा तो एकच शब्द. आणि त्यांचा हात पुन्हा पळीकडं गेला.

"सकाळची पळी कुणी सांगितलीच न्हाई," चनबसप्पा पुटपुटले.

"आजोबा, जरा मोठ्यानं," मेंदूचे डॉक्टर म्हणाले. "ऐकू आलं नाही."

ज्यांचा आवाज पेठ ओलांडायचा, त्यांना टेबल ओलांडता येईना. टोपी मुठीत चुरगळली.

"मी देतो. तीर्थ. रोज दोन पळ्या, पातळ. दोन वर्षं झाली. हिला ठाऊक न्हाई." मग थांबून, "मला ठाऊक होतं."

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. कुणी ओरडलं नाही. वैजयंतीताईंनी वहीत लिहून घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नळीचं आत्ता थांबवू, गिळण्याची तपासणी करू, दोन महिने बघू, मग ठरवू. घास शिकवणारी मुलगी हळूच म्हणाली, "तीर्थ तिच्या कपाळाला लावा, आजोबा. आणि सकाळचा पहिला घास तुम्ही भरवा. चंद्रिकाताई शिकवतील."

जिन्यात चनबसप्पांनी चंद्रिकेपुढं दोन्ही हात केले. तिनं पिशवी दिली. पोर दिली नाही.

रिक्षा नव्या पेठेत गर्दीत अडकली, बरोबर दुकानासमोर. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. त्यांनी उचलला, आणि धाकट्या भावाला तम्मा म्हणणाऱ्या ईरम्माचा आवाज रिक्षाभर झाला. "काय रे तम्मा, काय म्हणाले डॉक्टर? सूनबाईच्या घाईचं बोललास की न्हाई?"

चंद्रिका बाहेर बघत राहिली. मांडीवर सिद्धी पेंगत होती. शेजारचा दुकानदार चनबसप्पांना पाहून हात हलवत रिक्षापाशी आला. बंद करावा का फोन? बोट बटणापर्यंत गेलंही. मग ते खाली आलं, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांचा तो दुकानातला आवाज लागला.

"अक्का, सूनबाईचा हात चांगला हाय. पोरीला मी आजारी पाडलं, आणि नाव हिचं घेतलं. बारशाला होते त्या सगळ्यांना सांग. मी सांगितलं म्हणून सांग."