सोमवारचा डबा

गेल्या हिवाळ्यात एका संगणकाने माझी श्रद्धा जवळजवळ घालवली होती.

आमची मुलगी दहावीनंतर हळूहळू बोलायची थांबली. पडदे ओढलेले, ताट खोलीतच. मोठ्या मिनतवारीने तिला नाशिकमधल्या एका समुपदेशन केंद्रात नेलं. मनाने आजारी असलेली मुलं, मोठी माणसं एकदा येतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. त्यांची ये-जा कशी टिकेल, याचा तिथे अभ्यास चालू होता. काहींच्या घरी समुपदेशक ताई स्वतः जाणार, बाकीच्यांनी दर सोमवारी केंद्रात यायचं. कोण कुठल्या गटात, हे संगणक सोडतीसारखं ठरवणार. ताईंनी घरी यावं म्हणून मी सप्तशृंगीला साकडं घातलं. आमचं नाव दुसऱ्या गटात निघालं.

मी हिशेबी माणूस. निवडीत कोणाचाच हात नसावा, हे मला पटत होतं, आणि त्याचंच वाईट वाटत होतं. देवीचाही हात नसेल, तर मी मागितलं कोणाकडे?

बाहेर येऊन बसलो. धुकं इतकं दाट होतं की झेंडूचा टेम्पो गेला तो नुसता पिवळा रंग होऊन गेला. शेजारी पिंपळगावकडची एक बाई नवऱ्याची वाट पाहत होती. तिने डबा मुलीपुढे धरला. "खा गं बाय, तिळाच्या वड्या हायेत." मुलगी भिंतीकडे बघत राहिली. तेवढ्यात नवरा आतून आला. "चल, गाडी सुटंल!"

"जन्मात कधी येळेवर निघाले नाय, आज लय घाई!" म्हणत तिने डबा मुलीच्या मांडीवर ठेवला. "म्होरच्या सोमवारी आण. सासूचा हाय, हरवला तर मला घरात घ्यायची नाय." आणि ती धुक्यात विरून गेली.

रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला, "आई, डबा रिकामा कसा द्यायचा?"

बायकोने कढई ठेवली. जणू दोघी रोजच बोलतात, तशी म्हणाली, "रव्याचे लाडू करू या. पण बेदाणे संपलेत." मी चप्पल न घालताच दुकानाकडे निघालो.

सोमवारी ती बाई आलीच नाही. आता मुलगी घरी चल म्हणेल, अशी मला भीती वाटली. तिने थोडा वेळ वाट पाहिली, मग डबा उघडून बसलेल्या सगळ्यांपुढे फिरवला. नाव पुकारल्यावर एकटी आत गेली. पुढच्या सोमवारी पुन्हा ताजं काही भरून निघाली. बाई नाही, म्हणून पुन्हा त्यापुढच्या सोमवारी. असं करत ती ताईंशी बोलू लागली होती.

द्राक्षांची काढणी उरकल्यावर बाई आली. "मला वाटलं, डबा आता तुझ्याच रुखवतात दिसायचा!" मुलगी हसली. ते हसू मी किती दिवसांनी ऐकलं, सांगता येणार नाही.

ताईंना हे सगळं सांगितलं. आता बाहेर वाट पाहणाऱ्यांजवळ कोणी आपुलकीने बसलं तर काय होतं, तेही त्या पाहणार आहेत. त्यांचे निष्कर्ष निघतील तेव्हा निघतील. मला एवढंच कळलं, की मी देवीला काम सांगताना तिने ते कसं करावं हेही ठरवून दिलं होतं. तिने तेवढं ऐकलं नाही, हे तिचे उपकार.

काल मुलगी केंद्रात निघाली तेव्हा मी सोबत जायला उठलो. "तुम्ही बसा बाबा," ती म्हणाली, "मी जाऊन येते."

मी बसलो. काही न मागता, नुसता बसलो.