टपावरच्या सायकली आणि मागच्या सीटवरची आई

टपावर सायकली बांधलेली गाडी रस्त्यात दिसली की आजही माझी नजर आधी तिच्या मागच्या सीटकडे जाते. मला सेवानिवृत्त होऊन बराच काळ झाला, पण ती सकाळ काही डोळ्यांपुढून हलत नाही.

तेव्हा मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याचा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात एक कुटुंब धावतच आत आले. नवरा शाळेत शिक्षक, बायको तहसील कार्यालयात लिपिक, सोबत दोन शाळकरी मुली. बाईंच्या हातात पोह्यांची कागदी प्लेट होती. ती खाली ठेवायचेही भान त्यांना नव्हते.

"साहेब, आमची गाडी चोरीला गेली," शिक्षक म्हणाले.

"गाडी जाऊ द्या हो!" बाई ओरडल्या. "गाडीत माही आई हाय!"

त्यांना खुर्चीवर बसवून विचारले, तेव्हा सारे समजले. सुट्टीत ते कोकणात निघाले होते. खाडीवर गाडीसकट फेरीबोटीत चढायचे, पलीकडे उतरले की समुद्राकाठच्या रस्त्याने सायकली चालवायच्या, असा मुलींचा हट्ट होता. म्हणून शिक्षकांनी टपावर कॅरिअर बसवून तीन सायकली पट्ट्यांनी आवळून बांधल्या होत्या. बाईंच्या आईने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. मुलींपेक्षा त्यांनाच बोटीचे जास्त वेड होते.

नाश्त्यासाठी ते हॉटेलवर थांबले. आजींना मधुमेह. त्यांनी गाडीतच इन्सुलिन टोचून घेतले आणि म्हणाल्या, "माहे गुडघे दुखून राह्यले. मले इथंच आणून द्या." त्या शाल पांघरून मागच्या सीटवर आडव्या झाल्या. त्यांना उकडू नये म्हणून शिक्षकांनी इंजिन चालू ठेवून एसी लावला. पोहे घेऊन बाई बाहेर आल्या, तर गाडी जागेवर नाही. आजींचा फोन बाईंच्याच पर्समध्ये होता.

"सुई टोचली आणि खाल्लं नाही तर तिची साखर उतरते साहेब," बाई म्हणाल्या. "मंग तिले शुद्ध राहत नाही."

गाडीचोरीचे गुन्हे मी पुष्कळ पाहिले होते. गाडी आठवड्याने मिळाली तरी चालते. इथे तेवढा वेळ नव्हता. मी वायरलेसवर सगळीकडे निरोप दिला, नाकाबंदी लावली, एसटीच्या चालकांना आणि गावोगावच्या दुकानदारांनाही कळवायला सांगितले. गाडीचा नंबर सांगितला, पण त्याच्या आधी टपावरच्या सायकली सांगितल्या, त्यातली एक जांभळी, मुलीची. रस्त्यावरचा माणूस नंबर वाचत नाही, सायकली मात्र बघतो.

तसेच झाले. ती गाडी साखरखेर्ड्याकडे वळल्याचे एका एसटी चालकाने कळवले. मी हवालदाराला घेऊन निघालो. वाटेत आरोग्य केंद्रातल्या सिस्टरलाही जीपमध्ये घेतले. मुलींना ठाण्यात बसवून शिक्षक आणि बाई दुसऱ्या गाडीने मागे येत होते.

आम्ही साखरखेर्ड्याजवळ पोहोचतो न पोहोचतो तोच फोन आला. सायकल दुरुस्तीचे दुकान चालवणारे एक चाचा बोलत होते.

"साहब, एक बाप्या जांभळी सायकल घेऊन आला. चैन पाडून आणली त्यानं. गिअर कसा बदलतात, मलेच इचारून राह्यला. मी त्याले चहा पाजत बसवलाय, तुम्ही लौकर या."

पंचविशीपुढचा, अंगाने बारीक असा तो माणूस चहाचा कप तसाच धरून बसला होता. त्याला आम्ही तिथल्या ठाण्यात नेले. सायकल हाती होती, माणूस हाती होता. गाडीचा मात्र पत्ता नव्हता.

"सायकल कोणाची?"

"माह्या पोरीची."

"गाडी कुठं आहे?"

"कोणती गाडी साहेब?"

ही उत्तरे तो न अडखळता देत होता. मग मी विचारले, "गाडीतल्या म्हातारीचं काय केलंस?"

तो उजवा तळहात पँटवर पुसू लागला. थांबला, पुन्हा पुसला. हवालदाराने हात उगारला, तसे मी त्याला बाहेर जायला सांगितले. त्या तळहाताकडे पाहताना मला कळले की याने आजींना हात लावून पाहिले आहे.

मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"हात गार लागला ना? घामेजलेला?"

त्याने झटकन मान वर केली.

"साखर उतरली की माणूस तसाच होतो. पाहणाऱ्याला वाटतं, मेला. मी अजून तसं धरलेलं नाही. तू काऊन धरलंस?"

तो पुढे वाकला. "जित्ती हाय?"

"मला माहीत नाही. पण जित्ती असेल तर तू फक्त गाडीचोर आहेस. इथं असाच गप्प बसून राहिलास, तर दुसरंच काही होशील."

तो उठून उभाच राहिला. "चला साहेब. नाल्याच्या अंगाले चिंच हाय, तिच्याखाली ठेवली गाडी. म्या मारलं नाही हो तिले! गाडी चालवतानी मागं कोणी हाय हेच मले मालूम नव्हतं. थांबून पाह्यलं तं म्हातारी! हलवून पाह्यली, उठेच ना. मंग सायकल सोडली आन् पळालो."

जीप शेतरस्त्याने धडधडत गेली. चिंचेखाली गाडी उभी होती, मागचे दार उघडेच होते. आजी शालीखाली वाकड्या पडल्या होत्या. सिस्टरने नाडी धरली. 

"आहे साहेब. आहे!"

तिने शीर शोधून ग्लुकोज द्यायला सुरुवात केली. तोवर बाई पोहोचल्या आणि आईचे पाय चोळत बसल्या. थोड्या वेळाने आजींच्या पापण्या हलल्या. त्यांनी डोळे उघडले, समोरच्या सिस्टरकडे पाहिले आणि विचारले,

"आली का वं बोट?"

बाई हसू लागल्या आणि हसता हसताच त्यांना हुंदका फुटला. शिक्षक बोनेटला टेकून रडत होते.  मी सरळ बांधावर जाऊन बसलो. पंचनाम्याचे काम माझ्या हवालदाराने सुरू केले, तेही सारखे नाक ओढत.

बेड्या घातलेला तो माणूस जीपमधून ओरडून विचारत होता, "मायले शुद्ध आली का?" साखरखेर्ड्याच्या ठाण्यातून सोबत आलेल्या शिपायाने आली म्हणून सांगितले, तसा तो गुडघ्यांत डोके घालून बसला.

दवाखान्यात आजींचा जबाब घेतला. सही करण्याआधी त्या म्हणाल्या, "गाडी चोरली हे खरं. पण जागा त्यानंच दाखवली, हेबी लिहा." मी ते लिहिले. त्याच्यावर खटला चालला, त्याला शिक्षाही झाली. पण आणखी गंभीर कलम लावायची वेळ माझ्यावर आली नाही, याचे मला फार बरे वाटले. पुढच्या सुट्टीत ते कुटुंब पुन्हा निघाले, सायकली टपावर आणि आजी पुढच्या सीटवर. बोटीतून बाईंनी मला फोन लावून आजींकडे दिला. वाऱ्यामुळे आजींचे बोलणे काही समजले नाही, त्यांचे हसणे मात्र ऐकू आले.

पुढे नव्या फौजदारांना मी ही केस नेहमी सांगत असे. माणूस गप्प बसला म्हणजे तो केलेला गुन्हाच लपवत असतो, असे नाही. कधी कधी न केलेल्या गुन्ह्याचीही त्याला धास्ती असते. म्हणून तो काय लपवतो हे विचारण्याआधी त्याला कशाची भीती वाटते ते पाहावे. त्या सकाळी हवालदाराचा हात मी अडवला नसता, तर तो माणूस मार खाऊनही आणखी बराच वेळ 'कोणती गाडी साहेब' म्हणत राहिला असता. आणि तेवढा वेळ आजींजवळ नव्हता.