दाजींनी विकलेली रिकामी फेरी

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, भाड्याने विमानं देणाऱ्या कंपनीत फोनवर बसतात. पैसेवाल्यांना वाटतं, विमान बोलावलं की येतं. येतंही, पण कुठल्या तरी दुसऱ्या गावाहून येतं, आणि माणसाला सोडून पुढच्याला आणायला रिकामंच जातं. त्या जाण्याला ऑफिसात रिकामी फेरी म्हणतात. तिचा खर्च आधीच कुणाच्या तरी बिलात लागलेला असतो, त्यामुळे ती निम्म्या भावात विकली तरी कंपनीची चंगळ. अशा फेऱ्या खपवण्यात दाजींचा हात धरणारा कोणी नाही. ताई म्हणायची, घरी यांच्यापासून जपून राहावं लागतं, नाहीतर आम्हालाही कुणाच्या गळ्यात मारतील.

एके दिवशी सकाळी गावाहून दाजींच्या थोरल्या भावाचा फोन आला. आई शेवटच्या घटका मोजत होती आणि धाकटा कुठाय म्हणून विचारत होती. बसने दिवस मोडणार. पण दुपारी एक विमान कुणाला तरी आणायला त्याच गावच्या धावपट्टीवर रिकामं जाणार होतं. रिकाम्या फेरीत ऑफिसचा माणूस बसला तर कोणी हरकत घेत नाही. साहेब हो म्हणाले, पायलट म्हणाला तासाभरात पोचवतो. दाजींनी भावाला कळवलं, विमानाने येतोय.

ताई कपड्यांची पिशवी घेऊन ऑफिसात धावत आली, तर दाजी फोनवर. तिच्या कानावर एवढंच पडलं, "मिळेल ना सर. आजच आहे एक, तुमच्यासाठीच थांबलंय म्हणा."

फोन ठेवल्यावर त्यांना कळलं, आपण काय विकलं. ताई सांगते, पाकीट मारलं गेल्यासारखे ते खिसे चाचपत उभे राहिले.

विमान भाड्याने घ्यायचं ते अख्खं. आठातल्या सात खुर्च्या मोकळ्या असल्या तरी गिऱ्हाइकाच्या मर्जीशिवाय तिथे कोणी बसू शकत नाही. ताईने रेटा लावला म्हणून दाजींनी त्याला विचारलं. गिऱ्हाईक सभ्य निघालं. फार वाईट वाटतंय म्हणालं, पण एकटं जाता यावं यासाठीच तर मी पैसे देतो. साहेबांनी फेरी रद्द करायचं नावच काढू दिलं नाही, वर पाठ थोपटली.

दाजी बसने निघाले. भावाला खरं सांगायचा धीर झाला नाही. त्याचे फोन येत राहिले. यांनी मोबाइल मांडीवर पालथा घातला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

घरी पोचले तेव्हा आईला नेऊन झालं होतं. भावाने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि शेजारी बसला.

"दुपारी विमानाचा आवाज आला," तो म्हणाला. "आईला म्हटलं, आला बघ तुझा धाकटा. हसली. मग मी गाडी काढून तुला आणायला धावपट्टीवर गेलो."

दाजींनी तांब्या खाली ठेवला.

"एकच माणूस उतरला. तू मागून येशील म्हणून मी विमान परत उडेपर्यंत थांबलो. घरी आलो तोवर ती गेली होती. जवळ कोणीच नव्हतं रे."